वस्तरा, निसणा आणि नंबरांचा घोळ

मंडळी, सुरुवातीलाच माझं मत सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. वस्तऱ्याने दाढी करायची हौस सध्या परदेशातल्या आपल्या लोकांत बरीच वाढली आहे. कोणी जुना शेफिल्ड किंवा झोलिंगेनचा वस्तरा लिलावातून मागवतो, कोणाला गावच्या घरी आजोबांच्या पेटीत सापडतो. मग धार लावायचा दगड शोधणं सुरू होतं आणि इथेच खिसा कापला जातो. माझं म्हणणं तीन वाक्यांचं आहे. पहिला दगड म्हणून महागडा नैसर्गिक दगड घेऊ नका, कृत्रिम घ्या. दगडावरचा नंबर कुठल्या मोजपट्टीतला आहे हे कळल्याशिवाय त्या नंबराला भुलू नका. आणि ही सगळी विद्या जपान, बेल्जियमहून आली असं समजू नका. ती आपल्या गावातही होती, आपण तिला विद्या म्हटलं नाही इतकंच.

मराठीत धार लावायच्या दगडाला निसणा म्हणतात, सहाण म्हणतात, आणि धार लावण्याला पाजवणं. हे शब्द शहरात जवळजवळ संपले आहेत. या लेखात मी ते मुद्दाम वापरणार आहे.

धार म्हणजे नेमकं काय?

दोन उतार एकमेकांना मिळतात ती रेघ म्हणजे धार. वस्तऱ्याच्या बाबतीत एक मोठी सोय आहे. स्वयंपाकघरातली सुरी दगडावर कोणत्या कोनात धरायची हे हाताला शिकावं लागतं. वस्तरा मात्र दगडावर आडवा टाकला की त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. कोन आधीच ठरलेला असतो. पाठ ५ मिलिमीटर जाड आणि पाठीपासून धारेपर्यंत रुंदी १८ मिलिमीटर असेल, तर शाळेतल्या त्रिकोणमितीनेच उत्तर येतं: साधारण १६ अंश. धार झिजते तशी पाठही झिजते, म्हणून वर्षानुवर्षं पाजवूनही कोन फारसा बदलत नाही. ज्या कारागिरांनी हा आकार घडवला त्यांनी हाताच्या चुकीला जागाच ठेवली नाही.

म्हणून पहिला नियम: पाठ दगडावरून कधीही उचलायची नाही. पाठीवर ओरखडे पडू नयेत म्हणून काही जण तिच्यावर चिकटपट्टी लावतात. त्यात वाईट काही नाही, पण पट्टीने पाठीची जाडी एकूण ०.३ मिलिमीटरने वाढली तर कोन जवळजवळ एका अंशाने वाढतो. एकदा पट्टी लावून पाजवला की पुढच्या वेळीही तीच पट्टी लावावी लागेल, नाहीतर नवा दगड धारेपर्यंत पोचणारच नाही.

आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चांगल्या पाजवलेल्या वस्तऱ्याच्या धारेची टोकाची जाडी एका मायक्रॉनच्याही बरीच आत असते. बोथट धार ओळखायची सोपी खूण या मापातच दडलेली आहे. दिव्याखाली वस्तरा धार वर करून धरा आणि सरळ धारेकडे बघा. चकाकणारी रेघ दिसली तर तिथे प्रकाश परावर्तित करण्याइतकी रुंदी आहे, म्हणजे तिथे धार नाही. धारदार कड डोळ्याला दिसतच नाही.

दगड पोलादाला का खातो?

कारण दगडातले कण पोलादापेक्षा कठीण असतात. बाकी सगळं तपशिलाचं. खनिजांचा कठीणपणा मोजण्याची मोह्‌सची जुनी पट्टी आहे, १ ते १० ची. संगजिरं १ वर, हिरा १० वर. पाणी दिलेलं वस्तऱ्याचं पोलाद या पट्टीवर ढोबळमानाने ६ ते ७ च्या दरम्यान बसतं.

आता कतारच्या जमिनीकडे बघा. दुखानपासून अल खोरपर्यंत गाडी चालवताना जो फिकट खडक दिसतो तो मुख्यतः चुनखडी आणि डोलोमाइट. त्यांचा कठीणपणा ३ ते ४. राष्ट्रीय संग्रहालयाची इमारत ज्या 'वाळवंटी गुलाबा'वरून बेतली आहे, तो जिप्सम तर फक्त २. यातल्या कशानेही वस्तऱ्याला धार लागणार नाही; उलट वस्तराच दगड खरवडेल. दक्षिणेकडे खोर अल उदैदच्या वाळूच्या टेकड्यांत क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीचे कण आहेत, कठीणपणा ७. पण ते मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे किंवा त्याहून मोठे. वस्तऱ्याच्या हिशोबात ते धोंडेच.

आणि आपला सह्याद्री? काळा बसाल्ट जात्याला आणि पाट्या-वरवंट्याला उत्तम. पण त्यातली खनिजं ५ ते ६.५ च्या आसपासची, कण लहानमोठे, मध्ये वायूच्या पोकळ्या. जात्याला हा खडबडीतपणाच हवा असतो, म्हणून तर ते गुळगुळीत झालं की टाकी लावून घ्यावी लागते. वस्तऱ्याला नेमकं उलट हवं: कण पोलादाहून कठीण, आकाराने बारीक आणि सगळे सारखे.

या तीन अटींत बसणारा एक पदार्थ आपल्या ओळखीचा आहे: कुरुंद. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम, आणि त्यावरूनच इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्द आला. रसायनशास्त्राच्या भाषेत ॲल्युमिनियम ऑक्साइड, कठीणपणा ९. माणिक आणि नीलम हे त्याचेच रंगीत भाऊ. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कृत्रिम निसण्यांत कारखान्यात बनवलेला हाच पदार्थ असतो. मेसईदच्या कतालम कारखान्यात ॲल्युमिनियम बनवण्यासाठी जी पांढरी पूड जहाजाने येते, तिचंही रासायनिक सूत्र हेच. दुसरा पदार्थ सिलिकॉन कार्बाइड. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचिसनला तो सापडला आणि कार्बन व कोरंडम यांचं मिश्रण असावं असं वाटून त्याने नाव ठेवलं 'कार्बोरंडम'. त्याचा अंदाज चुकला, पण आपला कुरुंद त्या नावात कायमचा जाऊन बसला.

हजार म्हणजे किती?

आता नंबरांकडे येऊ, कारण पैसे इथेच वाया जातात. दगडावरचा नंबर कणाचा आकार सांगतो. नंबर मोठा, कण लहान. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. गंमत अशी की जगात या नंबरांच्या एकाहून अधिक मोजपट्ट्या आहेत.

जपानी मोजपट्टीत १००० नंबरचा कण साधारण ११ ते १४ मायक्रॉनचा. युरोपीय मोजपट्टीतल्या पॉलिश पेपरचा, ज्याच्या नंबरापुढे 'पी' लिहिलेलं असतं, १००० म्हणजे साधारण १८ मायक्रॉन. आणि त्याच युरोपीय मोजपट्टीत दगड व चाकांसाठी 'एफ' अक्षराची वेगळी मालिका आहे, तिथे १००० म्हणजे फक्त साडेचार मायक्रॉन! एकच आकडा, तीन अर्थ, चौपट फरक. विक्रेत्याने नुसतं 'थाउजंड ग्रिट' म्हटलं तर त्याने तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही. 'किती मायक्रॉन?' असं विचारा. उत्तर नाही मिळालं तर दुसरं दुकान बघा.

हार्डवेअरच्या दुकानात जो दोन रंगांचा कार्बोरंडमचा दगड मिळतो, त्याची 'बारीक' बाजूही बहुधा ३० ते ५० मायक्रॉनची असते. कोयत्याला, कुदळीला ठीक. वस्तऱ्याला तो लावणं म्हणजे केसाच्या अर्ध्या जाडीचे दगड धारेवर घासणं.

वस्तऱ्यासाठी जपानी मोजपट्टीतले तीन टप्पे पुरतात. १००० ने दोन्ही उतार नीट जुळवायचे. ४००० किंवा ५००० ने, म्हणजे साधारण ३ मायक्रॉनने, आधीचे ओरखडे पुसायचे. ८००० ने, म्हणजे सव्वा मायक्रॉनच्या आसपास, धार गुळगुळीत करायची. ४००० आणि ८००० एकाच दगडाच्या दोन बाजूंना असतील तर दोन दगडांत काम होतं. वस्तरा आधीच चांगल्या स्थितीत असेल, फक्त मंदावला असेल, तर ८००० एकटा पुरतो. १२००० घेतलात तर धार चेहऱ्याला थोडी मऊ लागेल, हे मान्य. त्यापुढच्या ३०००० वगैरे आकड्यांसाठी मी तरी तुम्हाला पैसे घालायला सांगणार नाही. ७० मायक्रॉनच्या केसाला धारेवरचा अर्धा मायक्रॉनचा दातरा आणि पाव मायक्रॉनचा दातरा यातला फरक कळेल का, हा प्रश्न पाकीट उघडण्याआधी स्वतःला विचारा.

नैसर्गिक दगडाचा मोह

नैसर्गिक दगड वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांचा भूगोल फार सुरस आहे. बेल्जियमच्या आर्देन भागातल्या पिवळट कोटिकूलमध्ये गार्नेटचे बारीक, गोलसर, अनेक पैलूंचे स्फटिक असतात. ते ५ ते २० मायक्रॉनचे असूनही धार रेशमी लागते, कारण गोलसर कण खोल चर न पाडता उथळ खरवडतात. म्हणजे कणाचा आकडा सगळं सांगत नाही, त्याची ठेवणही मोजावी लागते. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातला नोव्हॅक्युलाइट म्हणजे अतिसूक्ष्म क्वार्ट्झ. लॅटिनमध्ये 'नोवाकुला' म्हणजे वस्तरा, म्हणून हे नाव. क्योतोच्या परिसरातले दगड म्हणजे सूक्ष्म क्वार्ट्झ आणि अभ्रकवर्गी खनिज यांचा जुना समुद्री गाळ.

पण दोन नैसर्गिक दगड कधीच एकसारखे नसतात. एकात कठीण शीर निघते, दुसऱ्यात मऊ पट्टा. नवशिक्याची धार बिघडली तर दोष हाताचा की दगडाचा हे त्याला कसं कळणार? प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच घटक बदलतो. शिकतानाही तसंच करावं. कृत्रिम दगड रोज सारखाच वागतो, म्हणून जे बदलतं तो तुमचा हात. हात बसला की मग खुशाल कोटिकूल घ्या. तेव्हा त्याची किंमत तुम्हाला कळेल, आणि मी दोन्ही अर्थांनी म्हणतोय.

कतारची हवा, कतारचं पाणी

इथे राहणाऱ्यांना चार गोष्टी वेगळ्या लक्षात ठेवाव्या लागतात.

पहिली धूळ. शमाल वारा सुटला की खिडकीच्या फटींतून जी पूड घरात येते तिच्यात चुन्याबरोबर क्वार्ट्झही असतं. ८००० च्या दगडावर त्याचा ४०-५० मायक्रॉनचा एक कण बसला तर तो तिथे ४०० नंबरच्याही खालचं काम करेल आणि धारेला खाच पाडेल. दगड झाकणाच्या डब्यात ठेवा, वापरण्याआधी वाहत्या पाण्याखाली धुवा आणि चामड्याचा पट्टा बाल्कनीजवळ टांगू नका.

दुसरी दमट हवा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गाडीतून उतरताक्षणी चष्म्यावर धुकं बसतं, तो अनुभव तुम्हाला आहेच. त्या दिवसांत बाहेरच्या हवेचा दवबिंदू २८ अंशांच्या आसपास जाऊ शकतो, आणि एसीच्या खोलीतली वस्तू त्याहून थंड असते. तेच दव वस्तऱ्याच्या धारेवरही बसतं. मायक्रॉनभर जाडीच्या कार्बन पोलादाला गंज चढायला किती वेळ लागणार? त्यात हवेत समुद्राचं मीठ. वापर झाला की पुसा, कोरडा करा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात फिरवा. खोबरेल नको, ते कालांतराने खवट होऊ शकतं.

तिसरी उलटी अडचण: एसीची कोरडी हवा. काही कृत्रिम दगड पाण्यात तासन्‌तास भिजवलेले चालत नाहीत. भिजून भराभर वाळले की त्यांना तडे जातात. दगडासोबत आलेला कागद वाचा. 'फक्त पाणी शिंपडा' असं असेल तर फक्त शिंपडाच. आणि वाळवताना एसीच्या झोताखाली ठेवू नका.

चौथी गोष्ट पाण्याची. इथलं नळाचं पाणी समुद्राचं गोडं केलेलं, दगडाला त्याचा काही त्रास नाही. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीमुळे ते इतकं तापतं की गीझर बंद ठेवून त्यातलं पाणी 'गार' म्हणून वापरायची युक्ती आपण सगळेच करतो. दाढीला मात्र ते तापलेलं पाणी वरदान आहे. भिजलेला केस मऊ होतो आणि बराच कमी जोर लावून कापला जातो. बिनपाण्याने हजामत हा आपल्याकडे उगाच वाक्प्रचार झालेला नाही.

प्रत्यक्ष कृती

आधी दगड सपाट आहे का ते बघा. पेन्सिलीने त्यावर चौकटी आखा आणि हिऱ्याच्या कणांच्या पट्टीवर, नाहीतर जाड काचेवर ठेवलेल्या ओल्या पॉलिश पेपरवर तो घासा. सगळ्या रेघा एकदम पुसल्या गेल्या तर सपाट. मध्येच रेघ उरली तर तिथे खळगा आहे. नवा दगडही सपाट असेलच असं गृहीत धरू नका.

मग धारेच्या दोन्ही उतारांवर मार्करने रेघ ओढा आणि १००० वर दोन-चार हलके हात मारा. शाई जिथे पुसली गेली तिथे दगड पोचतोय, जिथे उरली तिथे नाही. दोन्ही बाजूंनी टोकापासून टाचेपर्यंत शाई पुसली जाईपर्यंत पुढच्या दगडाला हात लावायचा नाही. माझ्या मते निम्म्याहून अधिक काम याच टप्प्याचं आहे. इथे घाई केली की पुढचे सगळे महागडे दगड वाया.

हात मारताना धार पुढे, पाठ मागे. टोकाशी पोचल्यावर वस्तरा पाठीवर उलटवायचा, धारेवर कधीच नाही. दगड वस्तऱ्यापेक्षा अरुंद असेल तर हात तिरका, टाचेकडून टोकाकडे सरकवत. जोर सुरुवातीला अगदी थोडा, शेवटी फक्त वस्तऱ्याच्या वजनाइतका. जोर दिला की पातळ पातं वाकतं आणि धारेवर पोलादाचा पापुद्रा लोंबू लागतो. तो पापुद्रा धारदार वाटतो, पण पहिल्याच दाढीत तुटतो.

प्रत्येक टप्प्यानंतर भिंगातून बघा. ३० ते ६० पटींचं स्वस्त भिंग पुरतं. आधीच्या दगडाचे खोल ओरखडे शिल्लक असतील तर पुढे जाऊ नका. बारीक दगड खोल ओरखडा पुसू शकतो, पण त्याला तास लागतील आणि तुमचा धीर मिनिटांचा आहे.

शेवटी पट्टा. इथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे, नाहीतर चामडं चिरेल. चामडं धार नव्याने घडवत नाही. ते तिला साफ करतं, उरलेला पापुद्रा झाडतं आणि गुळगुळीत करतं. रोज दाढीआधी पट्ट्यावर चाळीस-पन्नास हात दिलेत तर दगडाची गरज महिनोन्‌महिने पडत नाही.

आणि दोन सूचना ज्यांत मतभेदाला जागा नाही. तुमचा वस्तरा फक्त तुमचा. हेपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस टिकून राहू शकतो. सलूनमधल्या वस्तऱ्यात बदलण्याजोगं पातं असतं ते याचसाठी, आणि ते योग्यच आहे. दुसरी: वस्तरा विमानात हातातल्या सामानात चालत नाही, तो मोठ्या बॅगेत टाका.

केस पोलादाला हरवतो

धार जाते कशी? केस पोलादापेक्षा सुमारे पन्नासपट मऊ, तरी पातं बोथट होतंच. हळूहळू झिजून गोल होत असेल असं आपल्याला वाटतं. ऑगस्ट २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एमआयटीच्या जानलुका रोशोली, जेम ताशान आणि सहकाऱ्यांनी याचं उत्तर दिलं. रोशोलीने आधी स्वतःच्याच दाढीची पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. कड झिजून गोल झालेली नव्हती, तिचे सूक्ष्म टवके उडाले होते. केस तिरका वाकून धारेला भिडला, तिथल्या पोलादाची घडण असमान असली आणि केसाची कड नेमकी कच्च्या जागी आली, की टवका उडतो.

त्यांचा प्रयोग स्टेनलेस पोलादाच्या तयार पात्यांवर होता, हे ध्यानात ठेवून मी त्यातून एवढंच घेतो: जिथे असमानता तिथे तुटण्याची सुरुवात. अर्धवट पुसलेला १००० चा खोल ओरखडा धारेपर्यंत गेला असेल तर आपण स्वतःच तिथे कच्ची जागा करून ठेवली. 'आधीचे ओरखडे पुरते पुसा' हा कारागिरांचा हट्ट मला त्यामुळे आणखीच पटतो.

ही विद्या कोणाची?

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, आठव्या अध्यायात, शल्यक्रियेच्या शस्त्रांबद्दल सांगितलं आहे. धार लावायला उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा वापरावी आणि धार बसवायला शाल्मलीच्या, म्हणजे काटेसावरीच्या, लाकडाची फळी. कोणत्या कामाच्या शस्त्राची धार किती बारीक हवी हेही दिलं आहे: कुठे मसुराएवढी, कुठे केसाएवढी, कुठे अर्ध्या केसाएवढी. आणि शस्त्र तयार झालं का हे ओळखायची कसोटी? त्याने केस कापला गेला पाहिजे. आजचे हौशी लोक लोंबता केस धारेवर टेकवून बघतात, ती कसोटी हीच.

यावरून 'आमच्याकडे सगळंच होतं' असा गजर करायची मला इच्छा नाही. मला त्यातली पद्धत आवडते. मऊ-कठीण दोन टप्पे, कामानुसार धारेचं माप आणि शेवटी कोणालाही करून बघता येईल अशी परीक्षा.

पण ही परीक्षा पुढे जिवंत कोणी ठेवली? आपल्या गावगाड्यात न्हावी बलुतेदार होता. धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, आरसा, वाटी, धार लावायचा दगड आणि चामड्याचा पट्टा. रोज कित्येक माणसांच्या गळ्याशी धार धरायची आणि रक्ताचा थेंब येऊ द्यायचा नाही, यासाठी पोलाद, दगड आणि कातडी या तिन्हींची समज लागते. तिला आपण 'हात बसलाय' म्हणून मोकळे झालो. वर्षाच्या शेवटी थोडं धान्य दिलं आणि त्याला ओसरीच्या आत घेतलं नाही. याच हातांनी १८९० साली मुंबईत सभा घेऊन विधवांचं केशवपन करणार नाही असा निर्धार केला. त्यामागे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे होते. वस्तरा कुठे चालवायचा याची समज त्यांना होती, आणि कुठे चालवायचा नाही याचीही.

आज तोच वस्तरा आपण शेकडो रियाल मोजून मागवतो, त्याला 'क्राफ्ट' म्हणतो, जपानी दगडांची नावं तोंडपाठ करतो. करा, जरूर करा. जपानने आपल्या दगडांच्या खाणी, थर, नावं लिहून ठेवली म्हणून ती आपल्याला पाठ करता येतात. आपल्या न्हाव्याच्या धोकटीतला दगड कुठून यायचा, त्याला काय म्हणत, चांगला-वाईट कसा ओळखत, याबद्दल मराठीत तुम्ही काय वाचलं आहे? मी फारच थोडं वाचलं आहे. ज्यांना माहीत आहे ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि त्यांच्या दुकानात गेली तीस-पस्तीस वर्षं बदलायची पाती आहेत.

म्हणून तुम्हाला एक काम सांगतो, दगड घेण्याइतकंच सोपं. या डिसेंबरात किंवा पुढच्या जुलैत सुट्टीवर गावी जाल, तेव्हा जुन्या न्हाव्याच्या दुकानात अर्धा तास बसा. त्यांना काका म्हणा, दादा म्हणा, पण अरे-तुरे नको. दगड अजून आहे का विचारा. असेल तर हातात घ्या, ओला करून रंग बघा, नखाने घासून बघा, फोटो काढा. तो कुठल्या गावच्या बाजारातून आणला, त्याला घरी कोणता शब्द होता, पाणी वापरत की तेल, पट्ट्याला काय चोळत, हे विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. त्यांची परवानगी असेल तर त्यांच्या नावासकट.

दगड परत आल्यावर दोह्यातही मागवता येईल. अर्ध्या तासाची ती माहिती मात्र नंतर कुठल्याही दुकानात मिळणार नाही.